ब्रॉडबँडचे धोरण आणि थांबवलेली माणसे

शिरपूरहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे निघाले की थोड्याच वेळात सातपुड्याची रांग समोर उभी राहते. त्या वाटेवरील एका गावच्या सेवा केंद्रात मध्यंतरी एका सायंकाळी तासभर बसण्याचा प्रसंग आला. एक वयस्क बाई खात्यातील ५०० रुपये काढण्यासाठी अंगठा लावून उभी होती. अंगठा लागला, यंत्राचा दिवा पेटला, पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागले आणि फिरतच राहिले. शेवटी मुदत संपल्याची इंग्रजी सूचना उमटली. बाईने केंद्र चालवणाऱ्या तरुणाकडे पाहिले. तो अपराध्यासारखा म्हणाला, "माय, जरा थांब. चाक फिरी राह्यनं." चौथ्या खेपेस पैसे निघाले. तोवर तिच्या मागे सातआठ माणसे जमली होती आणि त्यांतील दोघे 'उद्या येऊ' असे म्हणून परत गेले होते. उद्या येणे म्हणजे आणखी अर्धी मजुरी बुडणे. हे येथे कोणी कोणाला सांगत नाही. सर्वांना ते ठाऊकच असते.

त्या तरुणाची जोडणी निकृष्ट नव्हती. त्याच्याजवळच्या पावतीप्रमाणे ती ५० एमबीपीएसची होती, म्हणजे शासनाने ब्रॉडबँडसाठी ठरवलेल्या किमान वेगाच्या पंचवीसपट. आता एक साधा हिशेब मांडून पाहू. अंगठ्याच्या ठशाचा जो मजकूर तारेवरून जातो तो काही किलोबाइटांचा असतो. १० किलोबाइट धरले तरी २ एमबीपीएसच्या जोडणीवरून तो सेकंदाच्या पंचविसाव्या भागात निघून जावयास हवा. ५० च्या जोडणीवर तर हिशेब करण्याचेही कारण नाही. मग चाक का फिरते? काही वेळा दूरचा संगणकच थकलेला असतो, हे खरे. ठसा झिजलेला असतो, हेही खरे. ज्या हातांनी आयुष्यभर कापूस वेचला त्या हातांचे ठसे यंत्राला रुचत नाहीत. परंतु ही दोन्ही कारणे वजा केल्यावर जे उरते त्याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. निरोप येथून निघून पलीकडे पोचणे आणि त्याचे उत्तर परत येणे, या एका फेरीस लागणारा वेळ हा तो उरलेला भाग होय. तंत्रज्ञ त्याला लेटन्सी म्हणतात. आपण विलंब म्हणू. तो मोजतात मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. ऐकताना हे क्षुल्लक वाटते. पण सुरक्षित जोडणी नुसती जुळवण्यासाठीच या टोकाचा आणि त्या टोकाचा संगणक दोनतीन फेऱ्या करतात, मग खरा मजकूर जातो, मग एक संगणक दुसऱ्याकडे विचारणा करतो. फेरी ४० मिलिसेकंदांची असेल तर हे सारे पापणी लवेपर्यंत उरकते. तीच फेरी संध्याकाळच्या गर्दीत १००० मिलिसेकंदांवर गेली की चारपाच सेकंद नुसत्या रामरामातच जातात आणि त्यात एखादा निरोप वाटेत गळाला तर यंत्र मुदत संपली म्हणून मोकळे होते. रस्ता कितीही रुंद असला तरी येथे त्याचा उपयोग नाही, कारण अडचण रुंदीची नाहीच.

आणि आपले धोरण मात्र रुंदीपलीकडे पाहावयास तयार नाही. देशात ब्रॉडबँडची व्याख्या प्रथम २००४ च्या धोरणात झाली. तेव्हा किमान वेग ठरला २५६ केबीपीएस. २०१३ मध्ये तो ५१२ झाला आणि २०२३ च्या जानेवारीत २ एमबीपीएस. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणाने तर २०२२ पर्यंत प्रत्येक नागरिकास ५० एमबीपीएस देण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. या साऱ्या आकड्यांत एकही आकडा विलंबाचा नाही. गंमत अशी की ब्रॉडबँडच्या व्याख्येत वेगाच्या जोडीला आणखी एक अट आहे: ती जोडणी परस्परसंवादी सेवा पेलणारी असली पाहिजे. संवाद म्हटला की विचारणे आणि उत्तर मिळणे यांतील अंतर आलेच. म्हणजे विलंबाची अट धोरणकर्त्यांनी शब्दांत मान्य केलेली आहे. तिला फक्त आकडा दिलेला नाही. आकडा नसलेल्या अटीचे काय होते हे आपल्या चळवळीला निराळे सांगावयास नको. कायद्यात 'योग्य मजुरी' असे शब्द लिहिल्याने कोणत्याही मालकाने चार आणे वाढवून दिलेले नाहीत. किमान वेतनाचा दर रुपये-पैशांत छापला गेला तेव्हाच शेतमजुराच्या हाती भांडण्यासाठी काही आले.

ज्यांनी ट्रंक कॉलचा काळ पाहिला आहे अशा वाचकांना विलंबाचे राजकारण चटकन कळेल. तेव्हा कॉलच्या तीन प्रती होत्या: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंगला अनेक पट पैसे मोजावे लागत आणि तो इतरांच्या आधी लागे. ज्याला मुंबईचा कापसाचा भाव तातडीने हवा तो लाइटनिंग लावी. ज्याला भावाच्या दुखण्याची खबर हवी तो पोस्टातल्या बाकावर ऑर्डिनरीची वाट पाहत बसे. थांबण्याचा दर ठरलेला होता आणि जो गरीब तो थांबत होता. १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि पुढे ती गावोगाव पोचली, तेव्हा ही प्रतवारी हळूहळू नाहीशी झाली. दळणवळणाच्या इतिहासातील समतेचे ते एक मोठे पाऊल होते, जरी त्याचा गौरव कोणी त्या शब्दांत केला नाही.

आज प्रतवारी परत आली आहे, फक्त तिचा दरफलक कोठे लावलेला नाही. भांडवलाला मिलिसेकंदाची किंमत केव्हाच कळली आहे. अमेरिकेत २०१० मध्ये एका कंपनीने न्यूयॉर्क ते शिकागो अशी नवी तार टाकली, वाटेतले डोंगर पोखरले आणि त्यासाठी सुमारे ३० कोटी डॉलर खर्च केले. कशासाठी? शेअरबाजारातील एका फेरीचा वेळ १३ मिलिसेकंदांच्या आसपास यावा, म्हणजे पूर्वीपेक्षा दोनतीन मिलिसेकंद वाचावेत. आपल्या मुंबईतही राष्ट्रीय शेअरबाजाराने २००९ पासून दलालांना आपली यंत्रे बाजाराच्याच आवारात भाड्याने ठेवण्याची सोय दिली; यंत्र जितके जवळ तितकी मागणी लवकर पोचते. तेथे सेकंदाच्या सहस्रांशावर वाद होतात, चौकशा होतात, निकाल लागतात. शिरपूर तालुक्यातील बाईचे मात्र पंधरावीस मिनिटे जातात आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

यावर 'खेडे दूर आहे, तेथे वेळ लागणारच' असे उत्तर मिळते. ते तपासून पाहिले पाहिजे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. शिरपूर ते मुंबई हे रस्त्याचे अंतर पावणेचारशे किलोमीटरांच्या आसपास आहे. जाऊन-येऊन साडेसातशे, प्रकाशाला त्यासाठी ४ मिलिसेकंदही लागत नाहीत. तार वळणे घेत जाते म्हणून दुप्पट धरा, ८ होतील. निसर्गाने शिरपूरवर लादलेला कर एवढाच. त्यावरचे सारे माणसांनी, म्हणजे नेमके सांगावयाचे तर कंपन्यांनी आणि त्यांना मोकळे सोडणाऱ्या धोरणाने, लादलेले आहे. त्यातील काही भाग वाटांच्या आखणीचा असतो. एका कंपनीच्या शिरपुरातील ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या धुळ्यातील ग्राहकाला निरोप धाडला तर तो ५० किलोमीटरांवर न जाता बहुधा मुंबईपर्यंत जाऊन परत खानदेशात येतो, कारण कंपन्यांच्या जाळ्यांची गाठ मुंबईसारख्या महानगरातच पडते. देशातला निरोप परदेशाला वळसा घालून देशातच परत येऊ नये यासाठी २००३ मध्ये 'निक्सी' ही राष्ट्रीय विनिमय संस्था उभारावी लागली होती. तोच विचार जिल्ह्यापर्यंत नेण्याचे काम राहून गेले आहे.

पण विलंबाचे खरे आगर आहे रांग. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकासमोर ट्रॅक्टरांची रांग लागते, हे दृश्य आपण दरवर्षी पाहतो. समजा, एखाद्या शेतकऱ्याला आत जाऊन नुसती पावती आणावयाची आहे, दोन मिनिटांचे काम आहे, पण फाटकावरच्या माणसाने त्याला ५० ट्रॅक्टरांच्या मागे उभे केले. इंटरनेटच्या जोडणीवर हेच घडते. शेजारी कोणी सिनेमा उतरवून घेत असतो, कोणाच्या फोनमधले फोटो आपोआप वर चढत असतात, ते ट्रॅक्टर. अंगठ्याचा ठसा, डॉक्टरांशी चाललेले बोलणे, परीक्षेच्या अर्जाची विचारणा ही पावतीची माणसे. त्यात भर अशी की साठवणीच्या चिपा स्वस्त झाल्यापासून यंत्रे बनवणाऱ्यांनी फाटकासमोरचे आवार फार मोठे करून ठेवले आहे. कोणतेही वाहन परत जाऊ नये हा हेतू. परिणाम असा की रांग वाटेल तेवढी वाढते आणि दोन मिनिटांचे काम त्यात बुडून जाते. रात्री अकरानंतर तीच जोडणी चपळ वाटते आणि संध्याकाळी सातला मरगळलेली, याचे बरेचसे कारण यात आहे.

यावरचा उपाय नवा नाही आणि महागही नाही. रांग फार वेळ साचू लागली की मोठ्या प्रवाहांना वेळीच आवरते घ्यावयास लावणारी पद्धत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या दोघा तंत्रज्ञांनी २०१२ मध्ये मांडली. तिला प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग करून सर्वांना आळीपाळीने वाट देण्याच्या पद्धतीची जोड मिळाली. हे सारे खुल्या आज्ञावलीत आहे. कोणाचे पेटंट विकत घ्यावे लागत नाही. फ्रान्समधील एका मोठ्या इंटरनेट कंपनीने आपल्या ग्राहकांच्या घरातील यंत्रांत त्याच वर्षी ती बसवली. लहान कामाच्या माणसाला मोठ्या कामाच्या ओझ्याखाली चिरडू न देणे, हे तत्त्व एखाद्या संगणकाच्या डब्यात इतक्या सहजपणे उतरू शकते, याचे मला तरी अप्रूप वाटते. मग आपल्याकडे घरोघर आणि ग्रामपंचायतीत बसणाऱ्या डब्यांत ते असलेच पाहिजे अशी अट खरेदीच्या निविदेत का असू नये? भारतनेटसाठीचा पैसा काही आकाशातून आलेला नाही. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के आकारणीतून जो निधी जमतो, ज्याला आता 'डिजिटल भारत निधी' म्हणतात, त्यात अखेर प्रत्येक रिचार्ज करणाऱ्या मजुराचा वाटा असतो.

नियामकाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ च्या ब्रॉडबँड गुणवत्ता नियमांत विलंबाच्या मर्यादा घातल्या होत्या: देशांतर्गत टप्प्यास १२० मिलिसेकंद, परदेशी टप्प्यास तारेने ३५० आणि उपग्रहाने ८००. २०१२ च्या नियमांत मोबाइलवरील इंटरनेटसाठी २५० ची मर्यादा आली. २०२४ च्या १ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या नव्या नियमावलीने ही जुनी मापे मोडीत काढून ती बरीच कडक केली आणि टप्प्याटप्प्याने आणखी कडक करण्याचे वेळापत्रकही दिले. स्वागतार्ह आहे. पण २००६ चे माप पाहा: ते कंपनीच्या केंद्रापासून पुढे मोजले जात होते. ग्राहकाच्या दारापासून त्या केंद्रापर्यंतचा जो तुकडा, जेथे फाटकासमोरची रांग लागते, तो मोजणीच्या बाहेरच. आणि दुसरा दोष सरासरीचा. दूरसंचाराच्या नकाशावर 'महाराष्ट्र' नावाचे सेवाक्षेत्र म्हणजे मुंबई वगळून उरलेले राज्य अधिक गोवा. पुणे, नाशिक, पणजी यांच्याबरोबर बोराडी आणि पळासनेर यांची सरासरी काढली की सातपुड्याच्या पायथ्याचे दुखणे आकड्यांत विरघळून जाते. दरडोई उत्पन्नाच्या सरासरीने भुकेला झाकावे, तसेच हे.

याच २०२४ च्या नियमावलीत सेवा खंडित होण्याच्या बाबतीत जिल्हा हे एकक मान्य केले आहे. जिल्ह्यात २४ तासांहून अधिक काळ सेवा बंद पडली तर ग्राहकांना भरपाई द्यावी लागते. बंद पडण्यास जिल्हा चालतो, तर रेंगाळण्यास तालुका का चालू नये? सेवा बंद पडली की निदान बोंब होते. रेंगाळणारी सेवा अधिक धूर्त. ती चालू असल्याचे सोंग करते आणि दोष त्या बाईच्या अंगठ्यावर जातो.

अमेरिका ही काही आपल्या आदर्शांची भूमी नव्हे. पण तेथे ग्रामीण ब्रॉडबँडला सरकारी पैसा देण्याच्या २०२१ च्या कायद्याखालील योजनेत वेगाच्या बरोबरीने विलंबाचीही अट आहे: शंभरातील ९५ मोजण्या १०० मिलिसेकंदांच्या आत आल्या पाहिजेत. सरासरी चालत नाही. २०२४ पासून तेथे प्रत्येक इंटरनेट योजनेवर खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर असते तशी माहितीची पट्टी लावावी लागते आणि तीत वेगाशेजारी विलंबही छापावा लागतो. भांडवलशाहीच्या माहेरघरी जी सक्ती शक्य झाली ती येथे कोणत्या तत्त्वासाठी अडली आहे?

आपल्याच कार्यकर्त्यांपैकी काहींचा आक्षेप मी ऐकला आहे. सातपुड्यातील कित्येक पाड्यांवर साधे नेटवर्क नाही, तेथे तुम्ही मिलिसेकंद काय मोजता, ही तर खेळ खेळणाऱ्या शहरी पोरांची तक्रार. आक्षेपात तळमळ आहे म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. पाड्यावर जोडणी पोचवणे हे पहिले काम, यात वाद नाही. पण कोणत्या प्रतीची पोचवणार, हा प्रश्न त्याच वेळी विचारला नाही तर पुढे कधीच विचारता येत नाही. भारतनेटचेच पाहा. पहिल्या आखणीत एकामागून एक ग्रामपंचायती जोडणारी सरळ तार टाकली; एका ठिकाणी ती तुटली की पुढची सारी गावे अंधारात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली तेव्हा तारेचे वर्तुळ करण्याचे ठरले. पहिल्याच वेळी कोणी अट घातली असती तर? आता दुर्गम भागासाठी उपग्रहाची भाषा सुरू आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने शेजारच्या नंदुरबारसह काही जिल्ह्यांसाठी एका परदेशी कंपनीशी इरादापत्र केले. उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरांवरचा असला तर निरोपाची फेरी सुसह्य वेळात होते. ३६,००० किलोमीटरांवरचा असला तर नुसत्या प्रवासातच अर्धा सेकंद जातो. शासकीय अहवालात मात्र दोन्ही पाडे 'जोडले गेले' एवढेच लिहिले जाईल. आदिवासीला जोडणी द्यावयाची आणि ती दुय्यम प्रतीची द्यावयाची, ही रीत आपण आश्रमशाळांच्या बाबतीत पुरेशी पाहिली आहे.

मे २०२१ मधील लसीकरण आठवावे. १८ ते ४४ वयोगटाला सुरुवातीला आगाऊ ऑनलाइन नोंदणीशिवाय लस नव्हती. वेळा खुल्या होत आणि क्षणात संपत. परिणामी ग्रामीण केंद्रांवर शहरांतून गाड्या घेऊन आलेली मंडळी लस घेताना दिसली आणि गावची माणसे बघत राहिली. त्यात इंग्रजीचा अडसर होता, स्मार्टफोन नसण्याचाही होता. सारा दोष विलंबावर टाकणे बरोबर नाही. पण जेथे वाटप 'जो आधी पोचेल त्याला' या न्यायाने होते, तेथे ज्याचा निरोप उशिरा पोचतो तो कायमचा मागे राहतो. कापूस विक्रीसाठी भ्रमणध्वनीवरून वेळ घेण्याची पद्धत २०२५ च्या हंगामात आली आहे. हा न्याय आता शेतमालापर्यंत येऊन ठेपला आहे.

शिरपुरात अभियांत्रिकीची, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत; शिकलेली मुले पुण्याच्या गाडीत बसतात. २०२० च्या नोव्हेंबरात केंद्राने घरबसल्या कॉल सेंटरचे काम करण्यावरील जाचक नियम शिथिल केले, तेव्हा त्यांतील काहींना येथेच राहून काम करता येईल अशी आशा वाटली. बोलण्याच्या कामात तोंडापासून कानापर्यंतचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शक माप आहे. त्यापलीकडे गेले की माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. ज्या मुलीचा आवाज असा अडखळत पोचतो, ती हुशार असूनही मंद ठरते.

येथे थोडे अवांतर. शिरपूरचे नाव राज्यात झाले ते पाण्यामुळे. भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून या तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून, बंधारे घालून पाणी अडवले. वाहून जाणारे पाणी भूगर्भात मुरवले. प्रत्येक नाल्याची खोली मोजली, प्रत्येक विहिरीची पातळी पाहिली, राज्याच्या सरासरीवर विसंबून राहिले नाहीत. मोजण्याची ती सवय या तालुक्याला आहे. पाणी थांबवावे आणि निरोप वाहू द्यावा, एवढाच काय तो फरक.

तेव्हा मागणी कोणती? ब्रॉडबँडच्या व्याख्येत २ एमबीपीएसच्या शेजारी विलंबाचा आकडा यावा, आणि तो जोडणी भरलेली असताना, संध्याकाळच्या वेळी, ग्राहकाच्या दारापासून मोजलेला असावा. निकाल तालुकावार प्रसिद्ध व्हावेत. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक यंत्रात रांगेचा न्याय पाळणारी व्यवस्था असावी. धुळे-जळगावला जाळ्यांची गाठ घालून देणारे केंद्र असावे. नियामक प्राधिकरण कोणताही नियम करण्यापूर्वी विचारपत्रिका काढते आणि त्यावर कोणीही लेखी म्हणणे देऊ शकतो. तेथे येणाऱ्या मजकुराचा मोठा भाग कंपन्यांचा आणि त्यांच्या संघटनांचा असतो. आपला आजवर एक कागद तरी गेला आहे काय?

तो जाण्यासाठी हातात मोजणी हवी. तालुक्यातील प्रत्येक शाखेने निदान एक सेवा केंद्र निवडावे. सकाळी दहा, दुपारी दोन आणि सायंकाळी सात अशा तीन वेळा महिनाभर फेरीचा वेळ मोजावा. संगणकावर 'पिंग' ही साधी आज्ञा दिली की तो मिलिसेकंदांत दिसतो, आणि कोणताही महाविद्यालयीन मुलगा ते पाच मिनिटांत शिकवील. शाळेची शंभर पानी वही पुरे. रकाने आखावेत तारखेचा, वेळेचा, कंपनीचा, मिलिसेकंदांचा. शेवटचा रकाना असावा त्या वेळी केंद्रावर किती माणसे थांबली होती आणि त्यांतील किती 'उद्या येतो' म्हणून परत गेली, याचा.